सात इंच पाईप

आवाज कमी करायला चंद्रभानजींचा हात बटणाकडे गेला, आणि वर्षालीला कळलं की बॉक्स फसला. दुपारचे साडेबारा झाले असतील. राजापेठेत दुकानासमोर चंद्रभानजींची पांढरी गाडी उभी होती. उघड्या डिक्कीत तिनं चार दिवस खपून केलेला बासचा बॉक्स होता, काळं फेल्ट चढवलेला, कोपरे अंगठ्यानं दाबून दाबून बसवलेले. क्लास सुटलेल्या पोरींच्या स्कूट्या हॉर्न वाजवत चालल्या होत्या. गाडीत खंजिरी भजन लागलं होतं. बास होता, भरपूर होता, नंबरप्लेट थरथरत होती, समोरच्या झेरॉक्सवाल्यानं एकदा मान वर करून पाहिलंही. पण ढोलकीची प्रत्येक थाप एकाच जागी पडत होती, आधीची गेली नाही तोवर पुढची तिच्यावर बसत होती, आणि मागे नुसती घूं राहत होती, बंद खोलीत कुणी गाद्या झोडपाव्यात तशी. चंद्रभानजींनी आवाज अर्ध्यावर आणला, मग पावावर, आणि तिच्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात दया होती. तिला ती नको होती.

“चांगला हाय,” ते म्हणाले. “मजबूत केला तुमी.”

“नाई जमलं का जी?”

“जमलं, जमलं. माहेच कान गेले असतीन.” त्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली. “गजेंद्रभाऊच्या डब्यात ढोलक बोलते, असं लोकाईनं सांगतलं होतं म्हणून एवढ्या दूर आलो. इथं थे गोणी आपटल्यासारकी वाटून राहिली. पण तुमी मनाले लावू नका, वयनी.”

चंद्रभानजी सत्तरीला टेकलेले. अकोल्याच्या बाहेर त्यांची फुलांची वाडी होती, झेंडू आणि निशिगंध, आणि शहरात हारांचं दुकान. ह्या वयात त्यांना बास हवा होता, म्हणून पहिल्या दिवशी तिला नवल वाटलं होतं. पोरं मागतात बास. मग त्यांनी सांगितलं होतं, की तरुणपणी ते भजनी मंडळात ढोलकी वाजवायचे. मंडळातली माणसं एकेक करून गेली, राहिली एक जुनी कॅसेट, ती नातीनं फोनवर उतरवून दिली. पण आता कान असे झाले होते की भजनाचे शब्द लागत नव्हते, खंजिरी तर मुळीच नाही. ढोलक पाठीत लागली तर समजेल, एवढीच त्यांची आशा होती. आपल्याच हाताची ढोलक. हे ऐकल्यापासून वर्षालीनं तो बॉक्स जरा जास्तच मनावर घेतला होता.

“डबा ठेवून घ्या तुमच्यापाशी,” चंद्रभानजी म्हणाले. “लग्नाचे हार हायेत, मले आज निघा लागते. सवडीनं पाहा. घाई नाई.” त्यांनी वूफर, म्हणजे बासचा नवा स्पीकरही, बॉक्समध्येच राहू दिला, माणसावर भरवसा टाकावा तसा. तिनं वायरी सोडल्या. बॉक्स दोघांनी मिळून उचलला, त्यांनी एक टोक धरलं आणि दुकानाच्या आत येईपर्यंत सोडलं नाही. गाडी गेल्यावर ती बॉक्सवरच बसली. हा तिनं एकटीनं केलेला पहिला बॉक्स. चौदा महिन्यांपूर्वी ह्याच दुकानात, अशाच एका बॉक्सचे स्क्रू आवळताना तिच्या नवऱ्याच्या, गजेंद्रच्या उजव्या हातातला पेचकस खाली पडला होता. तो उचलायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. उजवं अंग गेलं, आणि बोलणं गेलं. बोलणं तुकड्यातुकड्यांनी परत आलं, पण मधले दुवे आले नाहीत. त्याआधीची सोळा वर्षं वर्षाली ह्याच दुकानात पुढच्या बाजूला बसत होती, सीट कव्हर, मॅट, काचेवर चिकटवायचे देव आणि गाडीतली अत्तरं विकत. मागच्या खोलीत बॉक्स बनत. तिथं ती चहा नेऊन द्यायची आणि कप घेऊन परत यायची. तिथून येणारा आवाज तिच्या पाठीला लागायचा, खुर्चीतून, फरशीतून. एकदा ती म्हणाली होती, आजचा जरा घुमून राहिला. गजेंद्र गिऱ्हाइकासमोर हसला होता. बायकाईच्या कानाले घुंगरू समजते, ढोलक नाई समजत. गिऱ्हाईकही हसलं होतं. ती स्वतःही हसली होती बहुतेक. आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं ते खरं धरलं होतं. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही असं एकदा ठरलं की किती आराम असतो त्यात.

आता आराम नव्हता. मॅट आणि अत्तरांवर दुकान चालत नव्हतं, लोक बॉक्ससाठी यायचे, गजेंद्रभाऊ नाही म्हटल्यावर हळहळून परत जायचे. चंद्रभानजी आले तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, मी करून देतो. मग एमडीएफच्या फळ्या तिनं मापानं कापून आणल्या, आतून चोवीस बाय तेरा बाय बारा. हे माप मागच्या खोलीच्या भिंतीवर गजेंद्रच्या पेन्सिलीनं लिहिलेलंच होतं, बारा इंची वूफरसाठी. वूफर पुढच्या फळीत, आणि बाजूच्या फळीतून आत जाणारा चार इंची पाईप, नळफिटिंगवाल्याकडे मिळतो तोच. ह्या पायपातून बॉक्सचा श्वास बाहेर येतो. तो आखूड झाला की सूर वर चढतो, लांब झाला की खाली उतरतो, इतकं तिनं सोळा वर्षांत ऐकून ऐकून गोळा केलं होतं. नेमकी लांबी मात्र भिंतीवर नव्हती. ती गजेंद्र डोक्यात ठेवायचा. फोनवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं गणित, आणि घरात माणूस असताना परक्याला कशाला विचारायचं, म्हणून ती दुपारचं जेवण भरवून झाल्यावर मापाची टेप आणि कागद घेऊन त्याच्या पलंगाशी बसली होती. कागदावर तिनं बॉक्स काढला होता, वूफरचा गोल, पायपाचा गोल. पाईप किती ठेवू, तिनं विचारलं होतं. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग डावा हात उचलून पाची बोटं उघडली, मिटली, आणि दोन बोटं दाखवली. सात? तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. त्या दिवशी तिला किती बरं वाटलं होतं. गोळ्या, पाणी, कूस बदलणं, चादर, ह्याखेरीज दुसरं काही तरी त्यांच्यात चौदा महिन्यांनी बोललं गेलं होतं.

तिनं दुकानाचं शटर ओढलं आणि घरी आली. घर मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. शेजारच्या जयवंताकाकू गजेंद्रजवळ बसल्या होत्या, भाजीची वांगी चिरत. ती आल्यावर त्या सुरी-ताट उचलून गेल्या. गजेंद्र उशीला टेकून टीव्ही पाहत होता. टीव्ही ज्यावर ठेवला होता तो बॉक्सच होता. लग्नानंतरच्या वर्षी त्यानं घरासाठी बनवलेला, बारा इंची, बाजूला चार इंची पाईप असलेला. पुढं वूफर जळला, बॉक्स तेवढा राहिला, त्यावर तिनं क्रोशाचं कापड टाकलं, आणि इतक्या वर्षांत तो बॉक्स आहे हेच ती विसरली होती. रोज त्यावरची धूळ पुसत होती. आता दारात उभी राहून तिनं तो पाहिला, आणि मग गजेंद्रकडे पाहिलं. त्याच्या नजरेसमोर तो अडीच हातांवर होता. उठता-बसता, चौदा महिने.

ती चप्पल न काढताच खाली बसली. पायपाच्या तोंडात तिनं टेप घातली, आतल्या कडेला टेपचा वाकडा पत्रा अडकवून पाहिला, नीट अडकेना, म्हणून हातच कोपरापर्यंत आत घातला. आत मऊ धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. बोटांना पायपाची आतली कड लागली. तिथं बोट धरून तिनं दुसऱ्या हातानं टेप सरकवली आणि वाचली. साडेअकरा. तिनं परत मोजलं. टीव्हीवर कुणी तरी बाजारभावांच्या बातम्या सांगत होतं. तिनं टीव्ही बंद केला.

“हा साडेअकराचा हाय,” ती म्हणाली. “डबा तेवढाच, वूफर बाराच. मंग मले सात कावून सांगतले?”

गजेंद्र बंद पडद्याकडे पाहत राहिला.

“चुकून सांगतले का तुमी? का मुद्दाम?”

त्यानं मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढंच. त्याच्या मानेवर तिनं सकाळी लावलेली पावडर अजून होती.

डॉक्टर म्हणाले होते, शब्द इकडचे तिकडे होतील, मनावर घेऊ नका. चमचा हवा असला की तो वही म्हणायचा. बुधवारला कांदा म्हणाला होता, आणि त्या दिवशी दोघंही हसली होती, त्याचा अर्धा चेहरा हसला होता. आकडेही जातात का? पण कुकरच्या शिट्ट्या तो बोटांवर बरोबर मोजायचा, ती विसरली तर आतून तीन बोटं दाखवायचा. गोळ्या दोनच्या जागी एक आली की हात आडवा धरायचा. बोटं त्याची खोटं बोलत नव्हती आजवर. संध्याकाळभर ती हे मनात उलटसुलट करत राहिली, आणि हात आपले रोजचं काम करत राहिले. त्या हातांनी भाजी परतली, पोळी दुधात कुस्करली, त्याच्या हनुवटीखाली नॅपकिन लावला. घास पुढं केला की तो तोंड उघडत होता, तिच्याकडे न पाहता. तिला वाटत होतं की आपल्याला राग यावा. राग आला असता तर भांडं आपटता आलं असतं, निदान घास भरवताना चमचा दाताला लागला असता. पण चमचा नेहमीसारखाच बेतानं जात होता. एवढंच वाटत होतं, की ज्या माणसाची कूस आपण दिवसातून सहा वेळा बदलतो त्यानं पाची बोटं उघडून, मिटून, दोन दाखवताना मनात काय धरलं होतं हे आपल्याला माहीत नाही. सोळा वर्षं माहीत होतं का? मागच्या खोलीत तो काय विचार करत होता, कप परत नेताना कधी विचारलं होतं? आणि तोही पुढच्या खोलीतल्या अत्तरांच्या बाटल्यांमध्ये बसलेल्या बाईबद्दल काय जाणत होता. ही सगळी वर्षं एका भिंतीच्या दोन बाजूंना गेली, आणि आता भिंत नाही तर बोलणं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं चंद्रभानजींना फोन करून सांगितलं, मीच येतो डबा घेऊन, तुमच्याच गाडीत लावून पाहीन. गजेंद्रला तिनं कुठं चालली ते सांगितलं. पाईप किती ठेवू, हे विचारलं नाही. जयवंताकाकूंना दिवसभर बसायला सांगून ती सकाळी बॉक्स आणि चौदा इंचांचा नवा पाईप घेऊन अकोल्याच्या एसटीत चढली. चढली म्हणजे रिक्षावाल्यानं आणि कंडक्टरनं मिळून बॉक्स शेवटच्या सीटवर टाकला. याच्यात काय हाय वो बाई, कंडक्टरनं विचारलं. आवाज हाय, ती म्हणाली, आणि मग तिला वाटलं की आपण उगाच शहाणपणा केला. तो हसला नाही, त्यानं लगेजचं तिकीट फाडलं. बडनेरा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी रानं, मधूनच कपाशीच्या पराट्या जळत होत्या. खिडकीला डोकं टेकलं की काचेचा थरथराट कवटीत शिरत होता. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा इंजिन बंद झालं आणि तिच्या डोक्यातलंही काही तरी बंद झालं. त्या शांततेत तिला माहेरची विहीर आठवली.

माहेर अकोल्यापासून जवळच, नदीकाठचं गाव. वडील भाजीपाला लावायचे, पालक, कोथिंबीर, वांगी. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं आणि तिथून वाफ्यांपर्यंत लोखंडी पाईप. इंजिन सुरू झालं की वडील ओरडायचे, पाणी धरलं का पाह्य वो. वाफ्यापाशी उभी राहून ती पायपावर तळहात ठेवायची. इंजिन रिकामं फिरत असलं तर पाईप नुसता कुरकुरायचा, हाताला मुंग्या यायच्या. पाणी धरलं की आधी एक जड, मंद ठोका यायचा, खोलातून, आणि मग सगळा पाईप एका लयीत भरून जायचा. पाणी दिसण्याच्या आधी ती सांगायची, धरलं. कधी चुकली नव्हती. नऊ-दहा वर्षांची होती तेव्हा. भावांना ते जमायचं नाही, ते पाणी दिसायची वाट पाहायचे. गाडी सुटली. तिनं मागं वळून बॉक्सकडे पाहिलं. एक म्हातारी त्यावर कोपर टेकून झोपली होती.

चंद्रभानजींच्या वाडीवर अंगणात झेंडूचे ढीग होते. बाया हार ओवत होत्या, आणि सुनेनं आधी पाणी दिलं, मग चहा, मग जेवूनच कामाला लागा म्हणाली. वर्षाली म्हणाली, मागून जेवतो. बॉक्स डिक्कीत ठेवून तिनं वायरी जोडल्या. पाईप तिनं बॉक्सला चिकटवलेला नव्हता, कॉलरवर, फळीवरच्या कड्यावर, स्क्रूंनी बसवला होता. गजेंद्र नेहमी चिकटवायचा, एकदाच आणि कायमचा. तिची ती हिंमत झाली नव्हती, आणि तीच आता कामी आली. सात इंचांचा तुकडा बाहेर काढून तिनं चौदाचा आत सरकवला. मग फोनवर नुसता सूर वाजवायचं ॲप उघडलं. चौतीसवर धरा, असं गजेंद्र फोनवर दुसऱ्या फिटरांना सांगायचा, शेकडो वेळा तिनं ऐकलं होतं. हर्ट्झच्या खणात चौतीस आकडा टाकला. सूर आला, कानाला जवळजवळ नाहीच, पण डिक्कीचा पत्रा, अंगणातली फरशी, तिच्या पायांची हाडं, सगळ्यांना तो कळला. हार ओवणाऱ्या बायांनी हात थांबवले. वूफरचा काळा पडदा जोरानं आतबाहेर होत होता. तिनं तळहात पायपाच्या तोंडाशी धरला. वारा येत होता, पण फुटका, रिकाम्या इंजिनासारखा. तिनं पाईप काढला, हॅकसॉ ब्लेडनं अर्धा इंच कापला, कानशीनं कड घासली, परत घातला. परत सूर, परत हात. परत अर्धा इंच. पांढरा भुसा तिच्या साडीवर, झेंडूवर पडत होता. साडेतेरा, तेरा. उन्हानं डिक्कीचा पत्रा तापला होता, पाठ भरून आली होती, आणि मध्ये एकदा तिला वाटलं की आपण इथं परक्याच्या अंगणात गुडघ्यांवर बसून काय करून राहिलो, चाळिशीची बाई. साडेबारा. पडद्याची धडपड कमी झाली होती. तिनं आता पाव इंचच कापला. बारा आणि पाव.

हात ठेवला आणि तिला कळलं. वारा भरून आला होता, मऊ, जड, एका लयीत, तळहात मागं लोटणारा. आणि समोर वूफरचा पडदा जवळपास थांबला होता. सगळं काम आता पायपातून होत होतं. ती हात तसाच धरून बसली. साडेअकरा नव्हतंच, तिच्या मनात आलं. घरच्या डब्याचं माप इथं चाललंच नसतं. ह्या वूफरचा चुंबक मोठा होता, त्यानं आतली जागा खाल्ली होती, म्हणून पाईप लांब लागला. गजेंद्रनं खरं सांगितलं असतं तरी ते थोडं खोटंच ठरलं असतं. ह्या विचारानं तिला आनंद झाला नाही. फक्त खांद्यावरचं काही तरी जरा सरकल्यासारखं झालं.

“लावा जी भजन,” ती म्हणाली.

चंद्रभानजी मागच्या सीटवर बसले, पाठ टेकून. सुनेनं फोनवर भजन लावलं. पहिल्यांदा खंजिरी, ती त्यांना ऐकू आली नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ढोलक. ती सुटी सुटी येत होती, प्रत्येक थाप आपापल्या जागी पडून विरत होती, आणि डाव्या पुडीवर मनगट दाबून घसरवलेला तो घुमारा खाली उतरून परत वर आला. चंद्रभानजी हलले नाहीत. त्यांनी डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. नुसती डाव्या हाताची बोटं मांडीवर वाजायला लागली, आधी मागून, मग बरोबर. दोन कडवी झाली. अचानक त्यांनी बोटं उचलली.

“इथं चुकलो होतो म्या,” ते म्हणाले. “थे आता येईन पाहा. सम गेली होती माही. नत्थुजीनं गाता गाता सांभाळून घेतलं होतं.” त्यांनी हात सीटवर पसरला. “पस्तीस वर्सं झाले. मले वाटे, चुकलो नसन मी.”

भजन शेवटपर्यंत वाजलं. संपल्यावर त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा त्या जागी बोटं उचलली. मग खाली उतरून त्यांनी बॉक्सवर हात ठेवला. “यावेळी गजेंद्रभाऊनं बरोबर सांगतलं.”

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर दुकानाचं नावही राहिलं असतं, माणसाचंही. तिनं साडीवरचा भुसा झटकला.

“त्यायनं नाई सांगतलं,” ती म्हणाली. “मीच काढलं माप.”

चंद्रभानजींनी तिच्याकडे पाहिलं, ऐकू आलं की नाही हे कळेना. त्यांनी मान हलवली, आणि सुनेला म्हणाले, वाढ यायले. भाकरी आणि झुणका होता.

घरी पोचायला दिवेलागण झाली. जयवंताकाकू दारातच होत्या. “अकोल्यावरून फोन आलता,” त्या म्हणाल्या. “थे हारवाले. गजेंद्रले द्या म्हणे. म्या फोन त्याच्या कानाले लावून देल्ला. लय खुश होते, भाऊ तुमचा हात लागला, ढोलक बोलली, असं मोठ्या मोठ्यानं सांगून राहिले होते, बहिऱ्या माणसासारके. आन् हा बाप्पा, एकच धरून बसला. वर्षाली, वर्षाली. तीनदा म्हणाला. त्यायले वाटलं तुले विचारून राहिला. वयनी निघाल्या म्हणे, बसवून देल्लं गाडीत. मंग यानं फोन ढकलून देल्ला. जेवला बी नाई दुपारचा.” त्या चप्पल शोधत होत्या. “वर्षाली म्हणता येते त्याले आता. चांगलं झालं.”

काकू गेल्या. वर्षाली पलंगाच्या खाली, जमिनीवर बसली, पाय पसरून. घोटे सुजले होते. गजेंद्र तिच्याकडे पाहत होता. चौदा महिन्यांत त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. ए म्हणायचा, नाही तर भांडं वाजवायचा. त्यानं डावा हात छातीवर ठेवला आणि मान आडवी हलवली, नाही. मग तोच हात तिच्याकडे केला. “वर... षाली,” तो म्हणाला. “त्यायले... सांगत होतो.” हे एवढं वाक्य जुळवायला त्याला किती तरी वेळ लागला.

“समजलं मले,” ती म्हणाली.

“सात... खोटं.”

“थे बी माहीत हाय.”

“तुले जमलं... तं...” त्यानं हात पलंगावर, चादरीवर, स्वतःच्या निर्जीव मांडीवर फिरवला. “मी... काय?”

तिनं वाट पाहिली. राग येईल, किंवा रडू. काहीच आलं नाही, पोटऱ्या तेवढ्या ठणकत होत्या. माफ केलं असं तिला वाटलं नाही. केलं नाही असंही वाटलं नाही. ते ठरवायला बसायचं तर अंगात जीव लागतो.

“बारा न पाव निघाला,” ती शेवटी म्हणाली. “तुमचं साडेअकरा बी नसतं चाललं. चुंबक मोठा होता त्याचा.”

गजेंद्रनं डोळे बारीक केले. डाव्या हाताची बोटं वाकवून त्यानं हवेत एक गोल धरला, चुंबकाएवढा, आणि भुवई वर केली. तिनं दोन्ही हातांनी दाखवलं, एवढा. त्यानं तिचे हात निरखले, मनातल्या मनात काही तरी वजा केलं, आणि मग हळूच मान हलवली. बरोबर. इतकं सरळ ‘बरोबर’ त्यानं तिला आजवर कधी म्हटलं नव्हतं. पण तिनं ते जवळ धरून ठेवलं नाही. ती उठली, गॅस पेटवला, सकाळचं वरण गरम करायला ठेवलं.

“येतो,” मागून आवाज आला. “दुकानात.”

ती वळली. एवढ्या महिन्यांत त्यानं दुकानाचं नाव काढलं नव्हतं. तिनं रिक्षानं न्यायचं म्हटलं की तो डोळे मिटून घ्यायचा.

“काय करता येऊन?”

“ऐकाले.”

वरण तळाला लागू नये म्हणून ती ढवळत राहिली. “पाहू,” ती म्हणाली. मग ढवळता ढवळता दुकानाच्या दोन पायऱ्यांची उंची तिनं मनातल्या मनात मोजली. सात आणि सहा, तेरा इंच. चाकांच्या खुर्चीसाठी चार फुटांची फळी टाकली तर चढ उभा होईल, सहा फूट लागेल. एमडीएफ नको, ते पाण्यानं फुगतं. जाड प्लाय घ्यावा लागेल, मधून वाकणार नाही असा.